बोट बांधली का?

"पुण्याहून साहेबांचा फोन होता," हनुमंतण्णा म्हणाले. "विचारत होते, बोट बांधली का. मी सांगितलं, बांधली."

"कुणी बांधली?"

"कुणी म्हंजे? आपण सगळ्यांनी मिळून. तुम्ही पण होताच की, सर."

मी राजाजीनगरच्या एका वर्कशॉपमधून स्टीलचं सामान घेऊन नुकताच बोम्मसंद्र्याच्या आमच्या फॅक्टरीत पोचलो होतो. एप्रिलचं ऊन डोक्यात होतं. त्यामुळे अण्णा काय म्हणतायत ते कळायला मला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा हातातली पिशवी मी तिथेच खाली ठेवली.

साहेबांनी विचारलं होतं, बोट धक्क्याला दोरांनी नीट बांधली का. अण्णांनी सांगितलं, बोट तयार झाली. आपल्या भाषेत घरही बांधतात, गाठोडंही बांधतात आणि कापलेलं बोटही बांधतात. दोघं मराठीत बोलले, दोघं खरं बोलले आणि साहेब निर्धास्त मनानं भाचीच्या लग्नाच्या पंगतीत जाऊन बसले.

"अण्णा, अहो, दोरानं बांधली का असं विचारत होते ते!"

"मग तसं विचारायचं. कन्नडात पण दोन्हीला कट्टोदुच म्हणतात. माझी काय चूक?"

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, मग बरं झालं. मॅटाडोर टाक्या घेऊन म्हैसूर रोडला जाऊ दे. करंट नसला तर पोरांना पण सोडून दे. करंट नव्हताच. सोडलं."

म्हणजे गाडी गेली होती, माणसं गेली होती, आणि दक्षिणेकडे होसूरच्या दिशेनं आभाळ शाईसारखं काळं व्हायला लागलं होतं. आदल्या दिवशीच संध्याकाळी वादळी पाऊस झाला होता आणि आमच्या गल्लीत एक आख्खी फांदी कुणाच्या तरी फियाटवर पडली होती. बंगलोरचा एप्रिल असाच. दुपारपर्यंत तापतं, मग अर्धा तास आभाळ वेड्यासारखं करतं, आणि नंतर लोक म्हणतात, काय छान गारवा आलाय.

बंगलोरला मी बोटी बांधायचो, असं सांगितलं की लोक हसतात. समुद्र कुठंय? पण बोटीला समुद्र लागतो तो चालवताना. बनवायला लागतो तो साचा, फायबरग्लासचं कापड, रेझिन आणि सावली. मी मुंबईच्या गोदीत काही वर्षं काढलेला माणूस. देवधर साहेबांनी मला बोलावून घेतलं ते त्यांच्या हौसेपायी. त्यांची फॅक्टरी फायबरग्लासच्या पाण्याच्या टाक्या, दारं आणि बसस्टॉपची छपरं बनवायची. शेडच्या एका कोपऱ्यात त्यांनी मला जागा दिली आणि वर पाटी लावली, 'मरीन डिव्हिजन'. डिव्हिजन म्हणजे मी, हनुमंतण्णा आणि चार कारागीर. हनुमंतण्णांचं घराणं बंगलोरात कित्येक पिढ्यांचं. मराठी घरात बोलायची, कन्नड दारात. मी कोकणातला, ते इथले; एकमेकांचं मराठी ऐकून आम्ही दोघंही मनातल्या मनात हसायचो.

ही आमची पहिली शिडाची बोट. वीस फुटी, पांढरी, पोटाखाली शिशाचं वजन असलेली. होसूर रोडच्या पुढे एका मोठ्या तळ्यावर पोन्नम्मा नावाच्या कूर्गच्या बाई शिडाच्या बोटी चालवायला शिकवायच्या. त्यांनी एक मागवली होती, आणि ही पसंत पडली तर आणखी दोन घेणार होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बोट तपासून ताब्यात घेणार होत्या. साहेबांनी मला लग्नाला जाण्यापूर्वी स्पष्ट सांगितलं होतं, "सामंत, ही पास झाली तर मरीन डिव्हिजन राहील. नाहीतर तो कोपरा मला टाक्यांना लागतोय." टाक्यांबद्दल माझा राग नाही. पण पाणी आत ठेवायच्या वस्तू बनवण्यात मला काडीचा रस नव्हता.

आदल्या दिवशी क्रेननं बोट पाण्यात उतरवली होती आणि एका दोरानं तात्पुरती अडकवून ठेवली होती. दोर अडकवायला डेकवर जे असतं त्याला क्लीट म्हणतात; बैलाच्या दोन शिंगांसारखं स्टीलचं असतं. चार हवी होती. दोन बसवली होती, दोन राजाजीनगरला तयार होत होती. तीच मी घेऊन आलो होतो. क्रेन परत गेलेली, म्हणजे बोट उचलून काठावर ठेवायचा प्रश्न नव्हता. जे काही करायचं ते पाण्यातच करायचं होतं.

"अण्णा, नायलॉनचं बंडल घ्या. पाने घ्या. चला."

"कशावर?"

"माझ्या स्कूटरवर."

अण्णांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग स्कूटरकडे, मग नायलॉनच्या त्या भल्यामोठ्या वेटोळ्याकडे. "अय्यो," एवढंच म्हणाले. मग वेटोळं गळ्यात घालून मागे बसले. होसूर रोडच्या लॉऱ्यांमधून आम्ही निघालो तेव्हा अण्णा देवाचं नाव घेत होते आणि दर दोन मिनिटांनी मला "स्वल्प हळू" म्हणत होते.

तळ्यावर पोचलो तर बोट जागेवर होती. जीव भांड्यात पडला. जवळ जाऊन पाहिलं आणि पुन्हा बाहेर आला. तिथल्या वॉचमननं आपुलकीनं आणखी दोन सुती दोर आणून बोट सिमेंटच्या धक्क्याला पार आवळून टाकली होती. बोटीचं अंग धक्क्याला घासत होतं. मध्ये एक गोणपाट होतं, तेही अर्धं पाण्यात.

अण्णा खूश झाले. "बघा, बांधलीच आहे की! कशी बिगी आहे. हलत पण नाही."

बिगी म्हणजे घट्ट.

"तोच तर घोळ आहे, अण्णा. सोडा ते."

"सोडू? वादळ येतंय आणि सोडू? लॉरीत माल भरल्यावर दोर सैल ठेवतात काय?"

"माल लॉरीबरोबर हलतो. इथे धक्का जागचा हलणार नाही आणि पाणी कुणाचं ऐकणार नाही. बोट मध्ये सापडेल."

हे वाचकांना जरा सोपं करून सांगतो, कारण वीस वर्षं मी हेच लोकांना सांगत आलोय. वादळात बोट पाण्यात बुडते त्यापेक्षा धक्क्यावर आपटून जास्त फुटते. लाट आली की बोट वर उचलली जाणार. दोर आखूड आणि आवळलेला असला तर बोट वर जाऊ शकत नाही. मग सगळा हिसका क्लीटवर येतो. एकतर दोर तुटतो, नाहीतर क्लीट डेकचा तुकडा घेऊन उखडतं. म्हणून दोर लांब हवेत. नायलॉनचे हवेत, कारण नायलॉन ताणला की लांबतो आणि हिसका पिऊन टाकतो. सुती दोर तसं करत नाही. आणि मुख्य म्हणजे बोट धक्क्याला चिकटलेली नको, त्यापासून हातभर दूर, दोरांच्या मधोमध तरंगत राहायला हवी.

दूर कशी राहणार? धक्क्याच्या बाजूनं ओढायला खुंट होते. उलट्या बाजूनं, तळ्याकडून, ओढायला काय? नांगर अजून आलेला नव्हता. मी तळ्याकडे बघत उभा राहिलो. तिथे धक्क्यापासून क्रिकेटच्या दीडएक पिचइतक्या अंतरावर पाण्यात ग्रॅनाइटचे दोन खांब उभे होते आणि त्यांवर आडवा दगड. ही जुन्या तळ्यांची तूब, म्हणजे शेताला पाणी सोडायची मोरी. कुठल्या तरी राजाच्या काळातली असेल. शेतं कधीच गेली, खांब होते तसे आहेत.

"अण्णा, ते खांब पक्के आहेत?"

"तूब? सर, ते पडले तर तळंच पडलं समजा."

एवढ्यात पोन्नम्मा मॅडम आल्या. पायात गमबूट, केस आखूड, आवाज मोठा.

"मिस्टर सामंत, व्हॉट इज धिस? बोट अभी तक ऐसे ही है? आपके बॉस ने फोन पे बोला, सब बाँध दिया."

साहेबांनी त्यांनाही कळवलं होतं तर. मी म्हटलं, "मॅडम, थोडं कन्फ्यूजन झालं. एक तास द्या."

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "एक घंटा मैं दे सकती हूँ. वो नहीं देगा. और सुनो, कल सुबह एक भी स्क्रॅच हुआ तो मैं नहीं लूँगी. ब्रँड न्यू का पैसा दे रही हूँ."

"मॅडम, दोन लाइफ जॅकेट, जुने टायर असतील तर ते, आणि तुमच्या बागेतला होस पाइप हवाय."

"माय गार्डन होस?"

"कापावा लागेल."

त्यांनी बागेकडे एक नजर टाकली. मग म्हणाल्या, "कट इट." तेव्हाच मला ही बाई आवडली.

आधी क्लीट बसवली. भोकं फॅक्टरीत पाडून ठेवली होती, आतून आधाराची पट्टीही होती, त्यामुळे नुसते बोल्ट कसायचे होते. मी डेकवर, अण्णा आत उताणे पडून नट धरून. शिडं अजून फॅक्टरीतच होती, ते एक बरं होतं. वादळात शिड गुंडाळलेलं असलं तरी वारा त्याला कुठून तरी धरतोच. आडवी काठी काढून खाली ठेवली. डोलकाठी राहिली.

मग तो पाण्यातला कार्यक्रम. काठावर कोळ्यांचं हरिगोल पालथं पडलं होतं. हरिगोल म्हणजे बांबूची गोल टोपली, बाहेरून डांबर फासलेली. चालवायला सोपी दिसते. मी कोकणातला, होड्यांमध्ये वाढलेला. मोठ्या रुबाबात वल्हं मारलं आणि आम्ही जागच्या जागी गोल फिरलो. पुन्हा मारलं, उलटे फिरलो. धक्क्यावर मॅडम कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"सर," अण्णा टोपलीची कड दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "मला पोहता येत नाही."

"जॅकेट आहे ना!"

"जॅकेटला येतं. मला नाही."

"साइड से नहीं! सामने से खींचो!" मॅडम ओरडल्या. वल्हं समोर घालून पाणी आपल्याकडे ओढायचं, हे तेव्हा कळलं. तसं केलं आणि टोपली मुकाट्यानं सरळ निघाली. अण्णा मागे दोर सोडत होते. एका खांबाला पुढचा दोर, दुसऱ्याला मागचा. दगडाची धार दोराला कापू नये म्हणून होस पाइपचे तुकडे चिरून दोरावर चढवले. दोर ताणानं तुटतो त्यापेक्षा घासून जास्त तुटतो.

परत येऊन धक्क्याच्या बाजूचे दोर लावले. पुढून एक, मागून एक, दोन्ही लांबच्या खुंटांना. शिवाय दोन तिरके, एकमेकांना फुलीसारखे छेद देणारे. त्यांना स्प्रिंग लाइन म्हणतात. त्यामुळे बोट पुढेमागे धावत नाही. टायरना गोणपाट गुंडाळून धक्क्यावर टांगले, कारण उघडा टायर पांढऱ्या रंगावर काळे फराटे काढतो. शेवटी वॉचमनचे सुती दोर सोडले. बोट हळूच धक्क्यापासून सरकली आणि मधोमध जाऊन उभी राहिली.

अण्णांना हे मुळीच पटलं नव्हतं. "सर, ही तर मोकळी सोडल्यासारखी दिसते. साहेब बघतील तर काय म्हणतील?"

उत्तर द्यायला सवड मिळाली नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठावरची निलगिरीची झाडं एकदम वाकली, पाण्यावर काळी सावली धावत आली आणि वारा आमच्या अंगावर आदळला.

आम्ही मॅडमच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहिलो. गारा पत्र्यावर अशा वाजत होत्या की बोलणं अशक्य. तळ्यात लाटा त्या केवढ्या असणार, असं वाटतं. पण तळ्यातल्या लाटा आखूड असतात, लागोपाठ येतात, बोटीला दम घेऊ देत नाहीत. आमची बोट वर जायची, खाली यायची, धक्क्याकडे यायची, मग तुबेचे दोर ताणले जायचे आणि ती पुन्हा मागे जायची. कोपरा, साचा, चार कारागीर, सगळं त्या नायलॉनच्या दोरांवर टांगलेलं होतं. मला भीती वाटत होती, आणि ती लपवण्याचा मी काही प्रयत्नही करत नव्हतो.

शेजारच्या हॉटेलची एक पेडलबोट त्याच धक्क्याच्या दुसऱ्या अंगाला आवळून बांधलेली होती. तिथे आमचं काही चालत नव्हतं आणि हॉटेलचं माणूस कुणी फिरकलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या लाटेला तिचं क्लीट फटाक्यासारखा आवाज करून उखडलं. मग ती एका दोरावर गरगरली आणि धक्क्यावर डोकं आपटत राहिली. थोड्या वेळानं तिचं नाक फुटलं.

तेवढ्यात वाऱ्याचा जोर वाढला. एक मोठा झोत तळ्याकडून आला आणि आमची बोट धक्क्याकडे पार ढकलली गेली. अण्णा शेडमधून धावले. मी मागे धावलो. ते धक्क्याच्या कडेला बसून दोन्ही हात पुढे करून बोटीला थोपवायला निघाले होते.

"अण्णा, हात काढा! हात आत!"

"आपटेल, सर!"

"आपटू दे! हात काढा म्हणतो ना!"

मी त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं. आम्ही दोघांनीही चिखलात बसकण मारली. बोटीचं वजन टनाच्या वर होतं. हात, पाय, काहीही मध्ये आलं असतं तर चिपाड झालं असतं; गोदीत मी एका माणसाची बोटं तशी गेलेली पाहिली आहेत. बोट आली, गोणपाटाच्या टायरला टेकली, टायर दबला, आणि तुबेच्या दोरांनी तिला शांतपणे मागे ओढून घेतलं. अण्णा बसल्या जागेवरून ते बघत राहिले. पुढची लाट आली, तसंच झालं. त्याच्या पुढची आली, तसंच.

"सरी," अण्णा हळूच म्हणाले. सरी म्हणजे बरोबर, ठीक आहे. मला म्हणाले की बोटीला, ते मी विचारलं नाही.

वारा जसा आला तसा गेला. मागे रिपरिप पाऊस राहिला आणि मातीचा वास. मॅडमनी स्टीलच्या पेल्यांतून कॉफी आणली. आम्ही ओले, चिखलानं माखलेले, दात वाजत होते. इतकी चांगली कॉफी मी त्यानंतर प्यायलेली नाही.

सकाळी आठच्या सुमाराला तपासणी झाली. देवधर साहेब पुण्याच्या बसमधून उतरून थेट तळ्यावर आले होते. अंगात लग्नातला झब्बा, हातात लाडवांचा डबा, चेहरा पांढरा. वाटेत वादळाची बातमी त्यांना कळली होती. मी त्यांना बाजूला घेऊन बांधण्याचं प्रकरण सांगितलं. ते आधी रागावले, मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. "म्हणजे मी मॅडमना छातीठोकपणे खोटं सांगितलं!" म्हणाले. त्या दिवसापासून आमच्याकडे बोट 'बनवली' जाते, बांधायची असते ती फक्त दोरानं. साहेबांनी तसा तोंडी हुकूमच काढला.

पोन्नम्मा मॅडम हरिगोलात बसून बोटीभोवती फिरल्या. तळहात फिरवत, नखानं खरवडत, एक इंचही सोडला नाही. एका जागी थांबल्या. मीही थांबलो. गोणपाटाची एक ओली काडी चिकटली होती; त्यांनी ती उचलून पाण्यात टाकली.

धक्क्यावर चढून त्यांनी डेकवर उडी मारली, चारही क्लीट धरून हलवून पाहिली. मग साहेबांना म्हणाल्या, "ओके. मैं लेती हूँ. बाकी दोनों भी बना दो. और ये रस्सियाँ यहीं रहेंगी. जैसी हैं, वैसी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डबा उघडून माझ्यापुढे धरला. मी दोन लाडू घेतले. कोपरा आमचाच राहिला होता. मला इतका आनंद झाला होता की बोलताच येईना, आणि तोंडात लाडू असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मॅडम ऑफिसकडे गेल्या. साहेब धक्क्यावर रेंगाळले. आता बोट खऱ्या अर्थानं विकली गेली होती, त्यामुळे त्यांना तिच्याबद्दल प्रेम दाटून आलं होतं. त्यांनी वाकून पुढचा दोर हातात घेतला, ओढून पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"सामंत, हे इतके सैल का ठेवलेत? जरा आवळून घेऊ या."

मी तोंडातला लाडू गिळून उत्तर देणार, तोच मागून आवाज आला.

"सर, हात लावू नका," हनुमंतण्णा म्हणाले. "बिगी केलं की क्लीट उखडतं. बोटीला स्वल्प हलायला लागतं. हे लोकांना कळत नाही."

साहेबांनी मुकाट्यानं दोर सोडला. अण्णा मग त्यांना हाताला धरून धक्क्याच्या टोकापर्यंत घेऊन गेले आणि तूब, नायलॉन, होस पाइप, फुलीचे दोर, सगळं रीतसर समजावून सांगू लागले. सांगण्यात एकदाही माझं नाव आलं नाही. मी डबा घेऊन सावलीत बसलो. आपण सांगितलेलं समोरचा स्वतःचं म्हणून साहेबाला सुनवायला लागला की आपलं काम झालं समजावं आणि उरलेले लाडू संपवावेत.